तीच आणि तशीच

कुंदाताई माझ्याहून मोठी होती, पण कोनगावात अर्धी माणसं आम्हाला जुळ्याच समजायची. तोच चौकोनी चेहरा, त्याच जाड भुवया, हसताना डाव्या गालावर पडणारी तीच खळी. लिहून गेले बघा, 'तीच'. खरं तर 'तशीच' लिहायला हवं होतं. या दोन शब्दांतल्या फरकावर मी पुढे नोकरी केली, पोट भरलं, म्हणून आता म्हातारपणाकडे झुकताना लिहायला बसले तरी हात तिथे अडखळतो. नाक्यावरचा शिंपी एकाच मापावर दोघींचे ब्लाउज शिवायचा. बांगड्या भरायला गेले की कासारीण म्हणायची, "काल तर भरल्यास, येवढ्यात फोडल्यास?" आप्पा कुणाचीही चाहूल लागली की 'कुंदे-वने' असं जोडनावच पुकारायचे, मग जी मोकळी असेल तिने जायचं. फक्त आय कधी चुकायची नाही. चुलीपुढे पाठमोरी बसलेली असली तरी पायरीवर पाय पडला की तिला कळायचं, "कुंदे, पानी भर," किंवा "वने, पाय आपटत येव नको."

आमचं घर कल्याण-भिवंडी रस्त्याच्या आतल्या अंगाला. पुढच्या तुकड्यावर आप्पांनी गाळा बांधून यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्याला भाड्याने दिला होता आणि मागे आम्ही राहायचो. त्यामुळे घराला कायम एक कंप असायचा. मांडणीवरची पातेली एकमेकांना लागून बारीक किणकिणायची, पाण्याच्या हंड्यात वर्तुळं उठायची, आणि आम्ही सगळे मोठ्याने बोलायचो, लूमच्या वरच्या पट्टीत. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशीही आमचे आवाज खाली यायचे नाहीत, आणि पाहुण्यांना वाटायचं घरात भांडण चाललंय. कुंदाताई मात्र कधी आवाज चढवायची नाही. ती लूम चालू असतानाही हळूच बोलायची आणि समोरच्याला तिच्या तोंडाकडे बघावं लागायचं. मी रागावले की सगळ्या आळीला कळायचं, ती रागावली की फक्त गप्प व्हायची. तिची तांदळाची भाकरी पापुद्रा सुटून फुगायची, माझी एका बाजूने करपायची. जेवताना ती माशाचं डोकं शेवटपर्यंत ताटाच्या कडेला ठेवायची आणि सगळ्यांचं उरकल्यावर एकटीच चोखत बसायची. खाडीवरून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आल्या की आय त्या फोडायला तिलाच द्यायची, कारण माझा हात धीट नव्हता. बाहेरच्यांना आम्ही सारख्या वाटायचो. घरातल्यांनी मात्र अशा कितीतरी बारीक खुणांनी आम्हाला वेगळं ठेवलं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ताई टेमघरला दिली. हरेश भाऊजी पूर्णा गावातल्या एका गोदामात सुपरवायझर होते. सावळा, अंगाने भरलेला, कमी बोलणारा माणूस. रिक्षाने अर्ध्या तासाची वाट, त्यामुळे ती सासरी गेली असं कधी वाटलंच नाही. तिची मुलगी प्राची आमच्याच मधल्या खोलीत जन्मली. ताईच्या दोन मॅक्सी आणि पावडरचा डबा कायम आमच्या कपाटात असायचा.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला कम्प्युटरचा क्लास लावायचा होता. आप्पांना ते पटत नव्हतं. ताईने एका दुपारी त्यांना जेवायला वाढता वाढता सांगितलं, "आप्पा, माजा जमला न्हाय, तिचा तरी होवंदे." बस्स, एवढंच. आप्पांनी पुढे अडवलं नाही.

क्लास भिवंडीत, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर. खाली पिशव्या भरून कापड विकायला, वर आम्ही दहा-बारा मुलंमुली. दिवसातून कितीदा तरी लाइट जायची, मग यूपीएस पिंपिं करायला लागायचा आणि सगळे घाईघाईने केलेलं काम सेव्ह करायचे. शिकवायला इरफान सर होते. त्यांच्या वडिलांचे लूम होते, पण सरांनी पुण्याला जाऊन शिक्षण घेतलं आणि परत येऊन हा क्लास काढला. त्यांचं वाक्य हिंदीत सुरू व्हायचं आणि मराठीत संपायचं. ते जावा शिकवायचे. तेव्हा ज्याला त्याला जावा शिकायचं होतं, कारण जावा आलं की नोकरी लागते, अशी हवा होती.

एके दिवशी ताई बाजारहाट करून क्लासवर आली. खांद्यावर प्राची झोपलेली, हातात भाजीची पिशवी. सरांनी तिला स्टूल दिलं. मला तिला काहीतरी दाखवायचं होतं. आदल्या दिवशी मी एक छोटा प्रोग्राम केला होता. नाव विचारायचा, आणि ओळखीचं नाव असेल तर 'या, बसा' म्हणायचा. ओळखीचं नाव म्हणून मी तिचंच नाव घातलं होतं. आदल्या दिवशी मी ओळखीचं नाव आणि विचारल्यावर यायचं नाव, दोन्ही नावं प्रोग्राममध्येच लिहून बघितली तेव्हा तो नीट चालला होता. आज तिच्यासमोर मी तिचं नाव कीबोर्डवरून टाइप केलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं, 'तुम्हाला ओळखत नाही.'

ताई वाकून ते एकेक अक्षर लावत वाचत होती. वाचून झाल्यावर ती हसली. "गो, तुजी मशीन मना वलखत न्हाय."

"थांब, माझं टाइप चुकलं असेल." मी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच.

"तिला सांग, कोनची हाय मी, आप्पांची हाय."

इरफान सर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे नजर टाकली आणि म्हणाले, "दो बराबर की निशानी लगाई है ना? वहीं गडबड आहे." तेवढ्यात खालच्या हॉटेलातून चहा आला. सरांनी दोन कटिंग ग्लास उचलून ताईसमोर टेबलावर ठेवले. "दीदी, ये दोनों चाय सारखी आहे का?"

ताईने दोन्हीकडे निरखून पाहिलं. "सारकीच हाय."

"आता ह्या ग्लासात माशी पडली. मग त्या ग्लासात पडली का?"

"न्हाय. त्याच्यात कशी पडंल?"

"म्हणजे सारखी आहे, पण तीच नाही." सरांनी एका ग्लासाला बोट लावलं आणि मला म्हणाले, "वनिता, तू भी इसी ग्लासला बोट लाव. आता माशी पडली तर?"

"दोघांचाही चहा गेला," मी म्हटलं.

"हां. कारण बोटं दोन, पण ग्लास एकच. तुझं ते दोन बराबरचं चिन्ह इतकंच विचारतं, ग्लास एकच आहे का? कल दोन्ही नावं तू प्रोग्राममध्येच लिहिली होतीस. तशी नावं जावा एकदाच ठेवतो, म्हणून दोन्ही बोटं एकाच ग्लासावर होती. आज नाव कीबोर्डवरून आलं, त्याने ते नव्या जागी ठेवलं. अक्षरं सगळी तशीच, पण जागा दुसरी. म्हणून तो बोलला, नाही ओळखत. तुला विचारायचं आहे की अक्षरं जुळतात का. त्याला ईक्वल्स लिहायचं." मग म्हणाले, "कल जो चला ना, ते पण बरोबर नव्हतं. फक्त उघडं पडलं नव्हतं."

मी ती ओळ बदलली, ताईचं नाव पुन्हा टाइप केलं, आणि पडद्यावर 'या, बसा' आलं. ताई म्हणाली, "मी तर कवाची बसलंय," आणि समोरच्या दोन ग्लासांतला एक उचलून प्यायली. परत येताना रिक्षात तिने मला सांगितलं की तिला पुन्हा दिवस गेलेत. आयला अजून सांगू नको म्हणाली. प्राची तिच्या मांडीवर झोपली होती आणि ताई तिच्या केसांतून बोटं फिरवत होती.

आता माझ्या हाताखाली नवी मुलं येतात. त्यांच्यातली निम्मी तरी हीच चूक करतात आणि 'मॅडम, काल तर चालत होतं' म्हणतात. मी त्यांना चहाच्या ग्लासांचं उदाहरण देते. समोर बसून 'सारकीच हाय' म्हणणारी कोण होती, ते सांगत नाही.

त्या वर्षी टेमघरच्या नळाला काही दिवस गढूळ पाणी आलं. आळीत बऱ्याच जणांना कावीळ झाली, बरीही झाली. ताईला झाली तेव्हा तिला सहावा महिना होता. आधी नुसती मळमळ. पोटुशी बाईला ती असतेच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग डोळे पिवळे झाले. सासूने हळद-तेल बंद केलं, उसाचा रस सुरू केला, आणि जवळच्या गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याकडून मुळ्यांची माळ आणून गळ्यात घातली. माळ लांब होत गेली की कावीळ उतरली म्हणायचं. माळ रोज थोडी लांब होत होती. मी भेटायला गेले तेव्हा ताई ती माळ हातात धरून मला दाखवत होती, बघ, इथपर्यंत आली. तिची नखंसुद्धा पिवळी दिसत होती. दोन दिवसांनी ती भलतंच बोलायला लागली, भाऊजींना ओळखेना, आणि मग तिला ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात ही कावीळ फार वाईट असते.

त्या इस्पितळाच्या पॅसेजमध्ये मी पाण्याची बाटली घेऊन चालले होते. समोरून येणारी नर्स मला बघून जागीच थांबली. "तुम्ही उठून कुठे आलात?" ती म्हणाली. "तुम्हाला कुणी सोडलं?" मी म्हटलं, मी बहीण आहे. ती मला कितीतरी वेळ बघत राहिली, मग सॉरी म्हणून आत गेली. मी खिडकीपाशी उभी राहिले. माझी नखं बघितली. ती गुलाबी होती.

ताई पोटातल्या बाळासकट गेली. तिला आमच्या घरी आणलं त्या दिवशी लूमवाल्याने न सांगता लूम बंद केले. शुक्रवार नव्हता. घरातला कंप थांबला, पातेली गप्प झाली, आणि रडण्याचे आवाज इतके स्पष्ट ऐकू यायला लागले की मला कान झाकून घ्यावेसे वाटले. गावातल्या बायका आयला भेटायला यायच्या, आणि मला बघितलं की त्यांचं रडणं वाढायचं. माझा चेहरा दोन्ही हातांत धरायच्या. एक म्हातारी तर 'कुंदे, कुंदे' करत माझ्याच गळ्यात पडली. मी तिला सोडवू शकले नाही. माझंही रडणं बाकी होतं, पण माझ्या तोंडावर दुसऱ्यांचंच रडणं चाललेलं असे. मी मागच्या दारी जाऊन बसायला लागले.

प्राची आमच्याकडेच राहिली. तीन वर्षांचीही नव्हती. तिला काय सांगितलं आणि तिने काय धरलं, कुणास ठाऊक. ती दिवसभर खेळायची, आणि पायरीवर चाहूल लागली की खेळ टाकून बघायची. मी तिला आंघोळ घालायची, वालाचं बिरडं भातात कालवून भरवायची, सुक्या कोळंबीचे सोडे काढून द्यायची. कपाटातल्या ताईच्या मॅक्सी मी घरात घालायला लागले. टाकून द्यायला जीव होत नव्हता, आणि प्राचीला त्या वासात झोप लागायची.

दिवसकार्य उरकून थोडे दिवस गेले, आणि टेमघरहून ताईची सासू आणि भाऊजींचे मामा आले. पुढच्या खोलीत बसले. सासूबाई चांगली बाई होती, ताईसाठी मनापासून रडली होती. ती म्हणाली, "परक्याची आनली तर पोरीचे हाल. वनी मावशी हाय, एका रगताची हाय. पोरीला तिचा ललाही हाय. आनि दिसाला बी तशीच हाय. आमच्या घरात कुंदाच परत आली असा होवंल." मामा म्हणाले, हे आपल्यात चालत आलेलंच आहे, नवीन नाही. आप्पा खाली बघत होते. शेवटी म्हणाले, "वनीला इचारतो."

आय स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. सुका जवळा निवडत बसली. निवडता निवडता म्हणाली, "तू न्हाय बोल्लीस तरी मी तुना काय बोलनार न्हाय. पन पोरीकडं बघ." प्राची तिच्या मांडीला टेकून जवळ्यातले बारीक खेकडे वेचून वेगळे ठेवत होती.

मी क्लासला पुन्हा जायला लागले होते. त्या आठवड्यात सरांनी दिलेलं काम असं होतं, माणसाचा एक 'क्लास', म्हणजे जावातला साचा, लिहायचा, आणि दोन माणसं सारखी आहेत की नाहीत ते तपासायचं. मी विचारलं, "सर, काय काय जुळलं म्हणजे सारखं?"

"ते जावा नाही सांगणार. तुझं तू ठरवायचं. नाव जुळलं की बस, असं लिही. नाव, गाव, वय, सगळं पाहिजे, असं लिही. जे तू लिहिशील, तेच मानेल तो."

मी लिहायला लागले. आडनाव. आईचं नाव. गाव. रंग, उंची. यातलं काहीही लिहा, ताई आणि मी जुळत होतो. टेमघरच्यांनी हेच तर केलं होतं. त्यांना जे जे हवं होतं, म्हणजे रक्त, जात, चेहरा, मुलीची माया, तेवढंच त्यांनी जुळवून बघितलं होतं आणि उत्तर 'सारखी' आलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. ताई माशाचं डोकं शेवटी खायची, हे कुणाच्या यादीत बसणार? मी बोटं कीबोर्डवर ठेवून नुसती बसले. इरफान सरांनी बघितलं असावं. त्यांना सगळं माहीत होतं, भिवंडीत बातमी लपत नाही. ते जवळ येऊन हळू म्हणाले, "घर जा, वनिता. प्रोग्राम कल भी यहीं रहेगा."

मी घरी आले आणि आयला हो म्हणून सांगितलं. मला ते लग्न नको होतं. भाऊजींना मी भाऊजी म्हणूनच बघत आले होते. पण प्राचीला सोडून देणंही मला नको होतं, आणि दोन्ही बाजू मनात तोलून बघितल्या तेव्हा प्राचीची बाजू जड निघाली. आयने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवसापासून घरातले सगळे प्राचीला शिकवायला लागले, ही बघ आय, आयकडं जा, आयला हाक मार. प्राची ऐकून घ्यायची. हाक मात्र मारायची नाही.

मग ती दुपार आली. मी मागच्या दारी चिंबोऱ्या धूत बसले होते. अंगात ताईची निळी मॅक्सी, केस तिच्यासारखेच वर बांधलेले, कारण उकडत होतं. प्राची आत झोपली होती. हरेश भाऊजी त्या दिवशी एकटेच येणार होते, बोलणी पुढे न्यायला. ते आलेले मला कळले नाहीत, लूमच्या आवाजात मागच्या दारी पुढच्या पायरीची चाहूल लागत नाही. प्राची झोपेतून उठून, डोळे अर्धे मिटलेले, मागच्या दारी आली आणि पाठीमागून माझ्या गळ्यात पडली. "आय," ती म्हणाली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचं तोंड माझ्या पाठीत खुपसलेलं होतं, आणि तिचे हात इतके घट्ट होते की मला श्वास घेता येईना. मला वाटलं असंच बसून राहावं, मागे वळूच नये. पण हात चिंबोऱ्यांत, पाणी सांडलेलं, ती घसरेल म्हणून मी वळले.

तिने माझ्याकडे बघितलं. आधी हसली. मग तिने आपला हात माझ्या गालावर ठेवला, भुवईवरून फिरवला, जसं एखादी वस्तू आपलीच आहे का ते चाचपून बघतात तसं. मग हात काढून घेतला. "तू न्हाय," ती म्हणाली. रागाने नाही, रडून नाही. नुसतं सांगितलं. आणि आत जाऊन पिठाच्या डब्याला टेकून, भिंतीकडे तोंड करून बसली. ती मोठ्याने रडली असती तर मी तिला उचलून घेतलं असतं. तिच्या त्या पाठीला हात लावायची माझी छाती झाली नाही.

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. ते माझ्यापासून लांब, पायरीच्या टोकाला बसले. नजर चिंबोऱ्यांच्या घमेल्यावर.

"वनिता, मी व्हय बोलाला आल्तो," ते म्हणाले.

मी हातातली चिंबोरी घमेल्यात टाकली.

"सगली बोलतान, तू तिच्यासारकी हाय. हायेस. त्याचाच तर तरास हाय. दुसरी कोन आली, तर मना कलंल, ही दुसरी हाय, कुंदा गेली. तुज्याकडं बगून मना दर बारीला वाटंल, आली. आनि दर बारीला ती न्हाय येनार." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पोरीचा आता काय झाला, तू बगितलास. माजा रोज तसा होवंल."

"मी हो म्हटलंय, भाऊजी."

"मना ठाव हाय. म्हनून तर मीच न्हाय बोलतो. तुज्यावर शब्द नको. मामाला सांगंन, माज्या मनात न्हाय." ते उठले. जाता जाता थांबून म्हणाले, "तूबी मानूस हायेस, वनिता. तुना तुज्या नावानं हाक मारतील असा घर मिलूदे."

ते गेल्यावर मी हात धुतले आणि तिथेच रडले. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि नाकारलं गेल्यासारखंही. ताई गेल्यापासून तेवढं रडणं मला पहिल्यांदाच मिळालं. बघणारं कुणी नव्हतं आणि माझ्या चेहऱ्यावर कुणी हात ठेवला नाही.

भाऊजींची आई चिडली, मामांनी येणं-जाणं तोडलं, पण भाऊजी बधले नाहीत. वर्षभराने त्यांनी कल्याणकडची सुलभा केली. उंच, सडपातळ, घाऱ्या डोळ्यांची, खणखणीत बोलणारी. कुंदाताईशी तिचं काहीच जुळत नव्हतं. प्राचीला ते टेमघरला घेऊन गेले. दिवाळीला आय आणि मी फराळ घेऊन गेलो तेव्हा प्राची अंगणात पडली, गुडघा फुटला, आणि ती उठून माझ्या समोरून, माझ्या हाताच्या अंतरावरून पळत सुलभाकडे गेली. "आई," म्हणाली. आय नव्हे, आई, कल्याणसारखं. सुलभाने तिला कडेवर घेऊन जखमेवर फुंकर घातली. तिने मुलीला कधी दुजाभाव दाखवला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. निघताना भाऊजी रिक्षापर्यंत आले. मान खाली घालून म्हणाले, "वनिता, थोरे दिस येव नको. पोर तुना बगितला का दोन दिस गप होते." मी बरं म्हटलं. थोडे दिवस म्हणता म्हणता प्राची शाळेत गेली, मोठी झाली, आणि मी तिच्यासाठी वर्षातून कधीतरी दिसणारी एक बाई झाले.

घरातही तेच. आय माझ्याशी बोलताना भाकरीकडे बघायची. पूर्वी पावलावरून ओळखणारी आय आता माझं पाऊल वाजलं की क्षणभर थांबून मग मान वळवायची. एकदा ती म्हणाली, "वने, तू केस काप." आमच्या घरात बायकांनी केस कापलेले नव्हते. मी कारण विचारलं नाही. कल्याणला जाऊन मानेपर्यंत केस कापून आले. आयने बघितलं, मान डोलावली, आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. थोड्याच दिवसांत मला ऐरोलीला एका कंपनीत नोकरी लागली. इरफान सरांनीच माझं नाव सुचवलं होतं. मी कोनगाव सोडलं. लग्न उशिरा केलं. माझ्या नवऱ्याने कुंदाताईला कधी पाहिलेलं नाही, म्हणून त्यांच्यासमोर मी एकटी असते. ते सुख मी त्यांना समजावून सांगू शकत नाही.

मध्यंतरी प्राची माझ्याकडे आली. एकटी, फोन करून. नोकरी करते, लग्न ठरलंय. बोलायला सुलभासारखी, खणखणीत. मी केलेली भाकरी तिने आवडीने खाल्ली. मग म्हणाली की तिला तिच्या आईचं काहीच आठवत नाही, आवाज नाही, हात नाही, काहीच नाही. "पपांकडे एकच फोटो आहे. आता मीच त्या फोटोतल्या बाईपेक्षा मोठी झालेय, मावशी. लग्नात तो फोटो ठेवायचा म्हणतात. पण लग्नात आई म्हणून एवढी लहान मुलगी कशी ठेवायची?" मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आई आज असती तर अशीच दिसली असती ना? तुमच्यासारखी?"

मला कितीतरी सांगायचं होतं. ताई माझ्याइतकं मोठ्याने बोलत नसे. तिच्या कपाळावर माझ्यासारख्या आठ्या पडल्या नसत्या, कारण ती आतल्या आत रागवायची. तिचे केस लांब असते. जन्मभर मी हाच फरक करत आले होते.

"हो," मी म्हटलं. "अशीच."

"मग जरा इकडे, उजेडात बसाल का?"

मी खिडकीशी जाऊन बसले आणि चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, नुसता एक सावळा आकार दिसत होता, पुढे वाकलेला. ती बघत राहिली. मी हलले नाही.